निपाणीचा खोकला

हे मी आजवर कुणापुढं बोललेले नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हा एवढा भाग वगळून बोलते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुमच्यापुढं जमेल, असं वाटतंय. जमेल का? बघते.

सईपासून सुरुवात करते. सई माझ्या भावाची मुलगी. आता नऊ वर्षांची आहे. तिला ऐकू येत नाही. उजवा हात आणि उजवा पाय चालत नाही. बसवलं तर बसते, भरवलं तर खाते. मला बघितलं की हसते, अगदी लाळ गळेपर्यंत हसते, आणि आमच्या घरात ते कौतुकानं सांगतात — आत्या आली की कशी खुलते बघा.

ती जन्मली तेव्हा अशी नव्हती. श्रावणात झाली, चांगली तीन किलोची, टपोऱ्या डोळ्यांची.

आमचं घर बेळगावात, वडगावला. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम. माग माझा भाऊ, अण्णा चालवायचा, वैनी त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. वैनी निपाणीची. तिचे वडील, आप्पा, सगळा जन्म तिथल्या तंबाखूच्या वखारीत राबलेले. आमचे वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात आई, अण्णा, वैनी आणि मी. मी बी.कॉम. करून घरी बसले होते. साड्यांना फॉल-पिको करायचे आणि खडेबाजारातल्या दुकानात नेऊन द्यायचे. अठ्ठाविसावं सरत आलं होतं. तीन स्थळं येऊन, पोहे खाऊन, नकार कळवून गेली होती.

वैनी कांड्यांना बसली की सई माझ्याकडं. न्हाऊ घातलेली, तेल लावलेली, कुंचीत गुंडाळलेली सई मांडीवर घेऊन मी मधल्या खोलीत बसायचे. बेळगावची थंडी तुम्हाला माहीत नसेल तर सांगते — दसरा झाला की सकाळी धुकं उतरतं आणि दहा वाजेपर्यंत हलत नाही. आईनं त्या खोलीची खिडकी बंद केली, फटीत जुन्या लुगड्याचे बोळे घातले. तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी मी सईच्या छातीला शेकवायचे. पायांत मोजे, डोक्याला टोपडं, कानावरून रुमाल. वैनीला खिडकी उघडी हवी असायची. सरकारी दवाखान्याकडून घरोघरी येणाऱ्या आशाताईंनी तिला सांगितलं होतं, बाळाला ऊब द्या पण खोलीत हवा खेळती ठेवा. वैनी सकाळी बोळे काढायची, आई परत घालायची.

त्या बंद खोलीत मी खोकत होते.

दसऱ्याच्या आधीच सुरू झालेला खोकला. कुणाला त्यात काही वाटलं नाही. मागाच्या घरात सुताची कसर, बारीक तुसं, उडत असते, आमच्या गल्लीत खोकत नाही असा माणूस नाही. आई हळदीचं दूध द्यायची. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. वजन उतरलं, तर शेजारणी म्हणाल्या की बारीक झालीस ते बरं झालं, आता कुणीबी पसंत करेल. आणि खरंच केलं. जवळच्या काकती गावचं स्थळ आलं. मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीला, निर्व्यसनी. त्यांचा होकार आला, वैशाखातला मुहूर्त धरायचं ठरलं. आई त्या दिवशी देवासमोर बसून रडली. मी तिला आधी असं रडताना पाहिलं नव्हतं.

दिवाळीला वैनी सईला घेऊन पंधरा दिवस निपाणीला गेली. ती गेल्यावर चारेक दिवसांनी सकाळी तोंड धुताना माझ्या थुंकीत रक्त दिसलं. मी ते पाण्यानं वाहून टाकलं. मग साड्या द्यायच्या म्हणून खडेबाजारात गेले आणि तिथूनच, एकटी, एका डॉक्टरांकडं गेले. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, थुंकी तपासली. दोन दिवसांनी समोर बसवून सांगितलं. क्षय. घाबरू नका म्हणाले, सहा महिने गोळ्या नेमानं घेतल्या की बरा होतो. पहिले काही आठवडे तोंडाला मास्क लावा, घरच्यांना तपासून घ्या.

मग त्यांनी विचारलं, “घरात लहान बाळ आहे का?”

मी गप्प राहिले. त्यांना वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं — अगदी शांतपणे, मला आजही शब्दन् शब्द आठवतो. तान्ह्या बाळांना हा आजार लवकर धरतो आणि कधीकधी थेट मेंदूत जातो. पण बाळाला आधीच औषध सुरू केलं तर बहुतेक वेळा टळतं. म्हणून विचारतोय.

मी “नाही” म्हणाले.

न कळून म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. मला सगळं समजावून झालं होतं. त्या दिवशी सई घरात नव्हती, निपाणीला होती — हा विचारही माझ्या डोक्यात येऊन गेला, की आपण तसं खोटं बोलत नाही. किती हुशार असतं नाही माणूस? पत्ता विचारला तेव्हा मी हिंडलग्याच्या एका मैत्रिणीचा दिला. कारण घरी कुणी चौकशीला आलं असतं तर गल्लीला कळलं असतं. गल्लीला कळलं की काकतीला कळायला किती वेळ? पुढं आरोग्य खात्यातल्या एका बाईंचा फोन आला, घरी कधी भेटाल म्हणून. गावाला आलेय म्हणाले. गोळ्या मी दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात तळाशी ठेवायचे. त्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं.

अजून एक गोष्ट आहे. ही सांगायला जास्त जड जातेय. त्याच आठवड्यात निपाणीहून वैनीचा फोन आला. थंडी फार आहे, बाळाला एवढ्यात प्रवास नको, महिनाभर इथंच राहू का, असं विचारत होती. आई म्हणाली, ये बाई, घर सुनं वाटतंय. मग फोन माझ्याकडं दिला. तिला थांब म्हणायची ती एक संधी होती, आणि तीही कसलं कारण न सांगता. मी काय म्हणाले? “ये वैनी. सईबिगर मला करमंना झालंय.” आणि ते खरंही होतं, हेच वाईट आहे.

ती आली. मी मास्क लावला नाही, कारण लावला असता तर का लावलास म्हणून विचारलं असतं. खोकला आला की तोंड फिरवायचे. नेहमी फिरवायचे का? नाही. मांडीवर बाळ असताना प्रत्येक वेळी जमत नाही. गोळ्यांनी मला उतार पडत गेला, तोंडाला चव आली, गालावर रंग आला. आई म्हणायची, लग्न ठरलं आणि पोरीचा चेहराच बदलला.

पौष सरता सरता सईला बारीक ताप आला. दूध ओढेना. कुरकुरायची, मग नुसती पडून राहायला लागली. सगळे म्हणाले सर्दी. आईनं वैनीला बोल लावला की तू खिडकी उघडतेस, गच्चीवर उन्हात नेतेस, वारं लागलं. वैनी खाली मान घालून ऐकत होती. जवळच्या दवाखान्यातून तापाचं औषध आणलं. चार दिवस गेले, आठ गेले. वैनी मला विचारायची, वन्सं, ही अशी का बघती, नजर का ठरत न्हाय हिची? आणि मला — मला मनात आलं होतं. नाही आलं असं कसं म्हणू? मेंदूत जातो, हे शब्द मला माहीत होते, त्या घरात फक्त मलाच माहीत होते. मी म्हणाले, सर्दीच असेल, छातीत कफ झाला की पोरं अशीच मलूल होतात.

अकराव्या दिवशी सकाळी तिला झटका आला. अण्णानं माग तसाच चालू टाकला आणि रिक्षा आणली.

मोठ्या दवाखान्यात पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं. डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, मेंदूच्या आवरणाचा क्षय आहे. मग घरच्या सगळ्यांकडं बघत विचारलं, “घरात कुणाला जुना खोकला आहे? कुणाला टी.बी.चं औषध चालू आहे?”

मी वैनीच्या शेजारी उभी होते. खांद्याला पिशवी, पिशवीत रिळांचा डबा. मी तोंड उघडलं असतं तर सई काही बरी झाली नसती, तिचं औषध सुरू झालंच होतं. पण पुढचं सगळं टळलं असतं. मी फरशीकडं बघत राहिले. आणि वैनी बोलली.

“माझ्या आप्पास्नी खोकला हाय. दिवाळीत आम्ही तिकडंच हुतो.”

बस्. तिथं ठरलं. आई भिंतीला टेकून खालीच बसली. अण्णा वैनीकडं नुसता बघत राहिला.

नंतर घरच्यांच्या तपासण्या झाल्या. माझी थुंकी स्वच्छ आली, दोन महिन्यांहून जास्त गोळ्या पोटात होत्या, येणारच. छातीचा फोटो मी काढून आले म्हणून सांगितलं. धावपळीत कुणी मागितला नाही. आप्पांची तपासणी निपाणीत झाली, तीही स्वच्छ आली. त्यांचा खोकला वखारीतल्या तंबाखूच्या धुळीचा होता. पण आमच्या घरात त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. अण्णा म्हणाला, रिपोर्ट काय, पाहिजे तसा मिळतो. आणि आमच्याकडं त्याला नावच पडलं — निपाणीचा खोकला. निपाणीच्या खोकल्यानं पोर घालवली.

वैनीचं माहेर तुटलं. कुणी जाऊ नको म्हणालं नाही. ती स्वतःच गेली नाही. आप्पा एकदा आले होते, सईला बघायला, माझ्या लग्नाच्या आधी. आईनं त्यांना पुढच्या खोलीतच बसवलं. चहा दिला. ते मागाशेजारच्या स्टुलावर बसून खोकला दाबत होते — दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं होतं. वैनी सईला घेऊन मधल्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. लांबूनच दाखवली. ते बघून गेले. परत आले नाहीत.

त्या वेळी मी हातावर मेंदी कशी काढायची याची चित्रं बघत बसले होते.

लग्न झालं. मी पुरती बरी झाले. मला एक मुलगा आहे, सहा वर्षांचा, धडधाकट. माझ्या घरातल्या खिडक्या हिवाळ्यातही उघड्या असतात, आणि त्याला दोन दिवसांवर खोकला राहिला तर मी दवाखाना गाठते. सासूबाई म्हणतात, काळजी घ्यावी तर हिनं.

गेल्या मार्गशीर्षात आप्पा गेले. वैनी तेव्हा निपाणीला गेली, इतक्या वर्षांनी, मातीला. दिवसकार्य उरकून ती परत आल्यावर मी वडगावला गेले. दुपारची वेळ होती, आई झोपली होती, अण्णा माग बंद ठेवून बाहेर गेला होता. वैनी सईला भिंतीशी उशा लावून बसवत होती. तिनं कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली. तिच्या आईनं दिली होती. आत कागद होते. आप्पांनी एक वर्षाआड, कुणी न सांगता, सरकारी दवाखान्यात जाऊन आपली थुंकी तपासून घेतली होती. पाच रिपोर्ट. पाचही स्वच्छ. शेवटच्यावर तर अक्षर पुसट झालं होतं, इतक्यांदा तो उघडून घडी घातलेला.

वैनीनं सईची घसरलेली उशी सरळ केली. मग म्हणाली, “वन्सं, एवढ्या येळा कशापाई तपासलं असंल हो त्यांनी? म्या त्यांचं ऐकलं न्हाय. मग कुणाचा म्हणायचा ह्यो आजार?”

ती माझ्याकडं संशयानं बघत नव्हती. ती मलाच विचारत होती, कारण त्या घरात सईवर माझ्याइतकी माया दुसऱ्या कुणी केली नाही असं तिला वाटतं. मी शिकलेली आहे, मला कळेल असंही वाटतं. सई आम्हां दोघींकडं बघून हसत होती. बोलायचं असतं तर तेव्हाच. आप्पा गेले होते, माझा संसार उभा होता, आता कशाची भीती उरली होती? मला आजही सांगता येत नाही.

मी म्हणाले, “रिपोर्ट चुकतात वैनी. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी सापडत न्हाय.”

तिनं मान हलवली. कागद होते तसे एकावर एक लावले, पिशवीला गाठ मारली.

“तसंच असंल,” म्हणाली.

मग उठून भात कालवून आणला आणि सईला भरवायला बसली. मी पाण्याचा तांब्या आणून दिला. चारच्या सुमारास काकतीची बस धरली.

त्यानंतर तीनदा वडगावला जाऊन आले. तीनही वेळा काही बोलले नाही.