अक्काचा रेडिओ

‘पाच मिनिटांत स्वतःचा पॉडकास्ट सुरू करा’ असं ज्यानं कुणी इंटरनेटवरच्या एका पानावर लिहून ठेवलं आहे, त्या माणसाला मला एकदा समोर बसवायचं आहे. मारणार नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून, कॉफी देऊन विचारणार, की दाखव बाबा, कुठली ती पाच मिनिटं. मला सतरा दिवस लागले. मी चौतीस वर्षं मल्लेश्वरममधल्या शाळेत गणित शिकवलं आहे, दिवस मोजण्यात माझी चूक होत नाही.

हा उद्योग मी हौसेनं केला नाही. अक्कासाठी केला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीला असते. आमची आई शेवटची बारा वर्षं तिच्याकडेच होती. काचबिंदूनं अक्काची नजर गेली त्याला आता दोन वर्षं झाली. तिच्या मुलानं तिच्या फोनमध्ये पॉडकास्टचं एक ॲप घालून दिलं. कानातल्या वायरीचं बटण दाबलं की फोन आधी नाव बोलून दाखवतो आणि मग कीर्तन, कथा, औषधांची माहिती, जे असेल ते सुरू होतं. अक्का त्याला रेडिओ म्हणते. आणि रेडिओवर सांगितलं म्हणजे ते खरंच असणार, हा तिचा लहानपणापासूनचा नियम आहे. माणसाचं बोलणं ती दुसऱ्या वाक्याला तोडते, रेडिओला मात्र आजवर एकदाही मध्ये थांबवलेलं नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला.

“यंदा आईच्या तिथीला मी काय करणार नाही बघ.”

“का ग अक्का?”

“बारा वर्षं केस विंचरले तिचे. रोज म्हणायची, ओढतीस. खीर केली तर म्हणायची, तांदूळ कच्चा राहिलाय. कधी एकदा बरं म्हणाली नाही. तुझं नाव निघालं की मात्र तोंडभर हसायची. गेल्यावर आठ वर्षं पान वाढलं, आता डोळे पण नाहीत. कुणासाठी करू?”

 माझ्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात आईची एकोणतीस अंतर्देशीय पत्रं होती. घरात फोन असूनही आई मला पत्रं लिहायची, कारण फोन हॉलमध्ये होता आणि अक्काचे कान तिखट होते. वर मध्यभागी श्री, उजव्या कोपऱ्यात तारीख, आणि खाली बहुतेक सगळं अक्काचं कौतुक. एका पत्रात तर असं होतं: ‘थोरलीनं आज केस विंचरले. माझ्या आईनंतर इतक्या हलक्या हातानं कुणी विंचरले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं, ते दिसू नये म्हणून म्हटलं, ओढतीस. तिला यातलं काही सांगू नकोस. तोंडावर कौतुक केलं की दृष्ट लागते.’

सांगू नकोस म्हणाली, म्हणून मी सांगितलं नाही. निदान मी स्वतःला तसंच समजावत आले होते.

त्या दिवशी मात्र मी सांगायला गेले. “अक्का, आईनं मला लिहिलं होतं की...” एवढंच झालं. “पुरे. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही रचू नकोस,” म्हणाली आणि फोन ठेवून दिला. दोनदा पुन्हा केला, दोन्ही वेळा तेच. तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी ठरवलं, की या बाईला रेडिओवरूनच ऐकवायचं. तिथीला एकवीस दिवस होते.

माझी स्वतःची वेबसाइट आहे. निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या झाडांवर लिहायला म्हणून एका शिबिरात शिकून मी ती केली. वाचणारे मोजके, त्यातले निम्मे मीच. तिथेच पत्रं वाचून ठेवायची आणि अक्काच्या ॲपला तो पत्ता द्यायचा, एवढं साधं गणित. वरच्या मजल्यावर पुण्याची एक बाई राहते, चाळिशीची, बेळ्ळंदूरच्या कुठल्याशा कंपनीत आहे. तिला जिन्यात गाठून विचारलं. “काकू, व्हेरी सिंपल! ऑडिओ अपलोड करा आणि एक फीड बनवा, बस,” असं म्हणत ती गाडीत बसून गेलीसुद्धा. त्यानंतर सोमवार ते शुक्रवार ती ट्रॅफिकमध्ये तरी असते नाहीतर मीटिंगमध्ये.

आधी रेकॉर्डिंग. पहिल्यांदा केसांचंच पत्र घेतलं. मल्लेश्वरमला लोक शांत समजतात. त्यांनी इथे तोंडासमोर फोन धरून आईचं पत्र वाचून बघावं. ‘चिरंजीव सौभाग्यवती’ म्हटलं की खालून भंगारवाल्याचा भोंगा. पुन्हा ‘चिरंजीव’ म्हटलं की शेजारचा कुकर. तिसऱ्या वेळी सोप्पु, म्हणजे पालेभाजी, विकणारी बाई अशी ओरडली, की आईच्या पत्रात मेथी आणि पालक आले. शेवटी साड्यांच्या कपाटात डोकं घालून, पाठ बाहेर ठेवून वाचलं. तेवढ्यात आमचे हे दुपारचा चहा विचारायला आले आणि माझी पाठ बघून काही न बोलता परत गेले. अकरा मिनिटांचं ते पत्र वाचायला मला तीन दुपारी लागल्या. एका जागी अडखळले, ते मी तसंच ठेवलं. पुन्हा कपाटात शिरायची ताकद नव्हती.

मग फीड. तोवर मला वाटत होतं फीड म्हणजे काहीतरी यंत्र असेल. ती निघाली साधी मजकुराची फाईल. आवाज कुठे ठेवलाय, त्याचं नाव काय, कधी घातला, हे सगळं तिच्यात ठरलेल्या खुणांच्या मध्ये लिहायचं. अक्काचं ॲप अधूनमधून येऊन ती फाईल वाचणार आणि नवीन असेल ते उतरवून घेणार. समजायला इतकं सोपं, आणि करायला गेलं की जीव नकोसा. लांबी लिहा म्हणे. मी लिहिलं, अकरा मिनिटं. तर तिथे मिनिटं नको होती, फाईलचं वजन हवं होतं, तेही बाइटमध्ये. मग त्याला लांबी का म्हणता? वर्गात एखाद्यानं वजनाला लांबी म्हटलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. चित्र चौकोनी हवं, ते आईच्या फोटोतून कापताना तिचा अर्धा अंबाडा गेला. तारीख त्यांच्याच पद्धतीनं, वारासकट. फोनमधला आवाज भलत्याच प्रकारचा, तो बदलून घ्या. एक झालं की दुसरं.

सगळं भरून फाईल साइटवर ठेवली. भाच्याला फोनवर एकेक अक्षर सांगून पत्ता अक्काच्या ॲपमध्ये घालायला लावला. आणि अक्काला सांगून टाकलं, की मी रेडिओ सुरू केलाय, ऐक.

तिथून माझा खरा छळ सुरू झाला. रोज चार वाजता अक्काचा फोन.

“तुझ्या रेडिओत काय लागंना की ग.”

“लागेल अक्का. स्वल्प थांब.”

“दुसऱ्यांचं सगळं लागतंय. तुझंच तेवढं लागत नाही.”

फीड बरोबर आहे की नाही ते तपासून देणारी एक साइट असते. तिथे माझा पत्ता घातला की लाल पट्टी यायची. दुसऱ्या ओळीत चूक. ही ओळ अगदी सुरुवातीलाच हवी. मी बघायची, तर ओळ सुरुवातीलाच होती! पडद्याला म्हणायची, आहे की सुरुवातीला, डोळे फुटलेत काय तुझे? ती ओळ मी पुसून पुन्हा लिहिली, अक्षरागणिक ताडून बघितली. तीन दिवस एका ओळीवर घालवले. साइटवाल्या कंपनीला लिहिलं, तर तिकडून उत्तर आलं, की आपल्या समस्येबद्दल खेद वाटतो, ब्राउझर बदलून पाहा. ब्राउझर बदलला. लाल पट्टी नव्या ब्राउझरमध्येही तितकीच लाल दिसली.

इकडे तिथी पाच दिवसांवर आली. अक्काचा फोनवरचा सूरही बदलला. “राहू दे ग,” ती म्हणाली. “तुला जमंना तर राहू दे. सुनेला सांगितलंय, बुधवारी रोजचंच जेवण कर म्हणून.” तिचा तो समजूतदार आवाज मला भांडणापेक्षा जास्त लागला. मी फोन ठेवून रडले. साठी उलटलेली बाई एका फाईलपायी रडते, याचा पुन्हा वेगळा राग आला.

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप उचलून सरळ वरच्या मजल्यावर गेले आणि पुण्याच्या बाईच्या सोफ्यावर बसले.

“बेसिकली काकू, तुमचा फीड वाचलाच जात नाहीये,” ती पडद्यात बघत म्हणाली. मग थांबली. “ही पहिली ओळ काय आहे?”

“कुठली?”

“ही. सगळ्यात वरची.”

“श्री आहे ते.”

“हो, पण का आहे?”

 का म्हणजे काय? कागद घेतला की वर मध्यभागी श्री येतो. वाण्याच्या यादीवर येतो, प्रश्नपत्रिकेच्या कच्च्या कागदावर येतो. आईनं पाटीवर शिकवलं तेव्हापासून हात आपोआप आधी तेच लिहितो आणि मग कामाला लागतो. फळ्यावरही मी आधी श्री लिहायची आणि खाली गणित. श्रीला कुणी गणितात धरत नाही. मी तीन दिवस दुसऱ्या ओळीला पहिली समजून तपासत होते, ते त्यामुळेच.

“काकू, त्या सुरुवातीच्या ओळीच्या वर काहीच चालत नाही,” ती हसू दाबत म्हणाली. “साधी स्पेससुद्धा नाही. देवसुद्धा नाही.”

तिनं तो पुसला. पट्टी हिरवी झाली. सतरा दिवसांचं काम एका बोटानं झालं आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी कसंतरीच वाटलं. आईच्या पत्रांच्या डोक्यावरचा श्री काढायचा? माझं तोंड बघून ती म्हणाली, “नावात टाका ना. नावात काहीही चालतं.” मग नावाच्या जागी मी लिहिलं, श्री, आईची पत्रं. पट्टी हिरवीच राहिली. ती बाई शनिवारची झोप सोडून बसली होती, तिला मी दुपारी गरम पुरणपोळी नेऊन दिली.

चार वाजता फोन आला नाही. पाचलाही नाही. साडेसहाला आला.

“लागलं,” अक्का म्हणाली. “फोनमधली बाई आधी श्री म्हणाली. मग तू.”

मी गॅस बंद करून खुर्चीत बसले. अक्का बोलतच होती.

“तीनदा ऐकलं. केस ओढतीस म्हणायची, ते मी तुला गेल्या महिन्यात सांगितलं. पण त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते मी कुणालाच कधी बोलले नव्हते. मला वाटायचं, दुखतंय म्हणून येतंय.” मग तिचा आवाज नेहमीसारखा कडक झाला. “सांगू नको म्हणाली ती, ठीक आहे. ती होती तोपर्यंत ठीक. ती गेल्याला नऊ वर्षं होतील बुधवारी. नऊ वर्षं तू काय करत होतीस ग?”

हा प्रश्न येणार हे मला कपाटात डोकं घालून वाचतानाच कळलं होतं. दृष्ट लागते म्हणून, तू मध्ये तोडतेस म्हणून, अशी उत्तरं तयार होती. ती काही तोंडातून निघाली नाहीत.

“मला आवडायचं अक्का,” मी म्हटलं. “मी आईची लाडकी, असं तुला वाटायचं. इतक्या लांब राहून, तिचं काहीच न करता लाडकी. ते मला मोडवत नव्हतं.”

अक्कानं मध्ये तोडलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी माझं वाक्य तिच्यापुढे पुरं केलं, आणि ते असं होतं. ती फोन ठेवणार, असंच मला वाटलं.

“मंगळवारी ये,” ती म्हणाली. “वडे तू तळ, मला आता तेलापाशी जाऊ देत नाहीत. खीर मी करणार.”

“येते.”

“आणि चाखून बघ. चांगली झाली तर तोंडावर सांग.”

“सरी अक्का, सांगते,” मी म्हटलं, आणि मंगळवारची गाडी बघायला उठले.