राडका मावशींच्या दह्याला फोडणी

मंडळी, ग्रुपवर लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला. आज मात्र सल्ला हवाय, म्हणून मित्राच्या, सुधीरच्या कॉम्प्युटरवर मोडेम लावून बसलोय. सध्या मुक्काम त्याच्याच सोफ्यावर आहे.

खालच्या मजल्यावरच्या राडका मावशी बल्गेरियाच्या. लेकीकडे जाताना त्यांनी आपलं विरजण माझ्यावर सोपवलं. त्यांच्या आईच्या घरून आणलेलं, इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज गावात कुठे मिळणार? "रोज नवं दही लाव, आणि वाटीभर मागे ठेव," एवढंच म्हणाल्या. दही असं, की सुरीने कापावं!

आज दूध आणायला निघालो. वाटेत एकजण लॉनवर जुना अकॉर्डियन विकत होता. जरा वाजवून बघू म्हटलं, तर दुपारच झाली.

दूध घेऊन परत येतो तर सुधीर जेवत बसलेला. भाताशेजारी माझी विरजणाची वाटी, तिच्यात मोहरी, हिंग, मिरचीची फोडणी ओतलेली.

"अरे, ते मावशींचं विरजण होतं!"

"मग सांगायचं ना यार! मला वाटलं, उरलंय."

वाटी हिसकावली. चमचाभरच शिल्लक होतं. मोहऱ्या वेचल्या, कोमट दुधात ते कालवलं, पातेलं माझ्या जॅकेटमध्ये गुंडाळलं. आत्ता उघडून पाहिलं. लागलंय! घट्ट, पांढरंशुभ्र, आणि हिंगाचा नुसता घमघमाट.

तर जाणकारांनो, दह्याचा हिंग कशाने जातो? मावशी रविवारी यायच्यात, तोवर...

थांबा, बेल वाजली. सुधीर दारातून ओरडतोय, "अरे, मावशी आजच आल्या! हातात चमचा आहे!"