की-बोर्ड आमचे, मॉनिटर मंडळाचे

आमच्या डोंबिवलीत दोन माणसं भेटली की चहा होतो, तिसरा आला की मंडळ होतं आणि चौथा आला की तो फुटून दुसरं मंडळ काढतो. आमचा संगणकवर्ग इतकी वर्षं न फुटता चालला, म्हणजे आम्ही किती थंड रक्ताची माणसं असू बघा.

मानपाड्याला आतल्या बाजूला एका उत्सव मंडळाचा हॉल होता. दर रविवारी आम्ही पाच-सहा नोकरदार तिथे फुकट शिकवायचो. सुरुवात टायपिंगपासून, मग हिशेबाचे तक्ते, आणि माणूस तरीही टिकला तर प्रोग्रॅम लिहिणं. शिकायला रिक्षावाले यायचे, कंपनी बंद पडलेले फिटर यायचे, शिवणकाम करणाऱ्या बायका यायच्या. मशीन ऑफिसांनी टाकून दिलेली, दहा घरची दहा. त्यातलं एक चालू केलं की अशी घरघर व्हायची की शीळफाट्याला ट्रक बंद पडलाय समजून लोक कल्याणमार्गे वळायचे. खोटं वाटत असेल तर त्या वळलेल्यांना विचारा.

जागा मंडळाची, वीज मंडळाची, बॅनरवरचं नावही मंडळाचं. त्याबदल्यात मंडळाचं कार्य निघालं की आमचा वर्ग बंद. एका हळदीच्या डीजेने तर आमची सगळी मशीन आपोआप सुरू झाली आणि त्यातल्या एका मशीनने आठवडाभर अडलेला प्रोग्रॅम स्वतःच दुरुस्त केला. गणपतीत मॉनिटरची उतरंड रचून, वर कापूस चिकटवून कैलास पर्वत केला. पुढे दिवाळीपर्यंत की-बोर्डच्या फटीतून बर्फ निघत होता.

शेवटी ठरलं, आपली वेगळी संस्था काढायची, रीतसर नोंदवायची. ठाण्याला एक सल्लागार होते, अतिशय शुद्ध बोलणारे. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने आपण आज अस्तित्वातच नाही आहात. आम्ही गुपचूप एकमेकांच्या नाड्या तपासल्या. अस्तित्वात यायचं तर विश्वस्त हवेत, पत्ता हवा, आणि सामान नक्की कोणाचं यावर मंडळाचा स्पष्ट होकार हवा. विश्वस्तांत एक जागा रिकामीच होती, कारण आमचा एक गडी नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला.

होकार द्यायचा होता दादांनी. दादा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. आज जिथे टॉवर उभे आहेत तिथे एकेकाळी त्यांच्या घरचा भात डुलायचा. मन तलावाएवढं, आवाज त्याहून मोठा. ते मानपाड्यात शिंकले की खडवलीच्या म्हशी दूध चोरायच्या.

त्यांच्याकडे निघालो तर हॉलच्या पायरीवरच त्यांच्या सुनेने अडवलं. ती आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार. आम्हाला दोन रविवार लागायचे ते ती चहा निवेपर्यंत लिहून मोकळी व्हायची. पुढचा बायकांचा वर्ग तिनेच घ्यायचा असं ठरलेलं.

"सर, तुम्ही वेगळे होताय ते चांगलंच आहे," ती म्हणाली. "पण मग मी घरात."

आम्हाला कळेना. तिने समजावलं. तिच्या घरी बायकांनी बाहेर जायचं नाही असा नियम अजिबात नव्हता. फक्त जिथे जायचं ते घरचं असावं, एवढंच. मंडळ घरचं, म्हणून वर्ग घरचा. उद्या संस्था वेगळी झाली की ती परकी. मग रविवारी सगळे हॉलमध्ये आणि ती मटणाला वाटण लावत बसणार.

परत फिरावं असं वाटलं. पण तीच म्हणाली, जा तुम्ही, मी बघते.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. "आमचा काय चुकला, मास्तर? येगला कनाला व्हायचा?" डोळ्यांत खरंच पाणी. आम्ही नोंदणी, कायदा, कलमं असं बरंच बोललो. त्यातलं त्यांना एकच कळलं, की धाकटा भाऊ वाटणी मागतोय. आणि वाटणी कशी करतात हे दादांना आमच्या सल्लागारापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये सतरंजी पडली. गावातल्या निम्म्या जमिनींच्या वाटण्या केलेले एक म्हातारे पंच लोडाला टेकून बसले. रीत अशी की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. थोरलं मंडळ, धाकटे आम्ही. दादांनी बाह्या सरसावल्या आणि अत्यंत प्रामाणिकपणे दोन ढीग केले. एका ढिगात सगळे मॉनिटर. दुसऱ्यात सीपीयूचे डबे, की-बोर्ड, माउस आणि वायरी.

मी म्हटलं, दादा, अर्धी मशीन इकडे, अर्धी तिकडे करा ना. पंचांनी हात वर केला. मशीन सारखी आहेत का, त्यांनी विचारलं. नव्हती. मग एकाला धडकं, एकाला मोडकं गेलं तर भांडण कोणाच्या दारात येणार? भाताची जमीन एकाला, उताराची वरकस दुसऱ्याला, अशीच वाटणी टिकते. मी तोंड उघडलं तेव्हा पंचांनी झोपल्यासारखे डोळे मिटून घेतले, आणि आमच्याकडे पंचांनी डोळे मिटले की निकाल लागलेला असतो.

आमचे धडे सगळे डब्यांत, म्हणून आम्ही डबे उचलले. दादांनी मॉनिटर घेतले, मंडळाच्या ऑफिसात भिंतीसारखे रचले आणि वर हार घातला.

उठता उठता दादा म्हणाले, आमचं एक माणूस तुमच्यात पाहिजे. धाकटा वाटा फुंकून टाकतो, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. आम्ही सांगितलं, विश्वस्तांत एक जागा आहेच. दादांनी भावाकडे पाहिलं. भावाची रविवारी क्रिकेटची मॅच. मुलाकडे पाहिलं. मुलाचीही मॅच, समोरच्या टीममधून. तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली सून खाली बघत म्हणाली, "बाबा, मी ठेवते नजर."

अशी ती आमच्या संस्थेची विश्वस्त झाली. काम एकच, आमच्यावर संशय घेणं.

बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या गाळ्यात आमचा पहिला स्वतंत्र वर्ग भरला. मॉनिटरविना. लोक भिंतीकडे बघून टाइप करत होते. एका फिटरने कुठलं बटण दाबलं देव जाणे, पण सगळ्या डब्यांनी मिळून भीमपलास धरला. आम्ही फळ्यावर खडूने मॉनिटर काढले आणि जे दिसलं असतं ते तोंडाने सांगत राहिलो. दुपारपर्यंत निम्मे शिकणारे घरी गेले. पुढच्या रविवारी बाकीचेही येणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. सून कोपऱ्यात खुर्ची टाकून, कामाप्रमाणे, नजर ठेवून होती. शिकवायची घरून परवानगी नव्हती. तिची बोटं मात्र ओढणीवर टाइप करत होती.

घरी दादांनी विचारलं, काय विकला का त्या मास्तरांनी? हे तिनेच नंतर आम्हाला सांगितलं, आणि तिचं उत्तरही. आवाज न चढवता ती म्हणाली, "नाही बाबा. पण लोक बोलतात, दादांनी धाकट्याला शेत दिलं आणि पाणी स्वतःकडे ठेवलं."

जेवण तिथेच थांबलं म्हणे. शेतकऱ्याच्या घरात यापेक्षा मोठी शिवी नाही.

पुढच्या रविवारी गाळ्यासमोर डीजेचा टेम्पो उभा. आत चादरीत गुंडाळलेले मॉनिटर, पुढे ड्रायव्हरशेजारी दादा. पण वाटणी मोडायची नव्हती, ती पंचांची होती. म्हणून पाण्याची असते तशी पाळी ठरली. मॉनिटर मंडळाचेच. रविवारी सकाळी आमच्याकडे यायचे, संध्याकाळी घरी जायचे. आणि घरची वस्तू परक्या दारात दिवसभर राहणार, तर सोबत घरचं माणूस हवंच.

दादा चादरी सोडत सुनेला म्हणाले, "लक्ष ठेव गो. चालू करून बघत जा, यांचा काय भरवसा नाय."

तिने मान डोलावली, ओढणी खोचली आणि पहिला मॉनिटर पहिल्या डब्याला जोडला. जोडल्यावर तो चालतो की नाही हे बघायला काहीतरी लिहावं लागतंच. लिहिलं की शेजारची बाई विचारते, हे काय गं. मग सांगावं लागतं. अजून सांगतेच आहे. गाळ्याबाहेर बायकांच्या चपला मावत नाहीत, आणि रविवारी कोणी दादांना विचारलं की सून कुठे दिसत नाही, तर ते छातीवर हात ठेवून सांगतात, मॉनिटर राखायला गेलीय.