मनुबाईच्या ट्रंकेचं कुलूप

कडेगावात कुणाचं कुलूप अडलं की आधी नाथाजीचं नाव निघायचं. नाथाजी काही किल्ल्या करणारा नव्हे. फौजेतून नाईक होऊन परत आलेला, घरचा थोडा ऊस सांभाळणारा साधा माणूस. कुलपं उघडणं हा त्याचा नाद. दुसऱ्या कुणी पत्ते कुटावेत तसा हा सोप्यात बसून बिनकिल्लीची कुलपं कुरवाळायचा. कुणाच्या गोठ्याचं, कुणाच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाचं, कुणाला नुसतंच बांधावर सापडलेलं. उघडलेली कुलपं तारेला लटकवलेली असायची आणि वारा आला की सोपा किणकिणायचा.

हत्यारं दोनच. छत्रीची काडी कानशीनं घासून केलेला आकडा आणि ट्रकच्या वायपरमधली पोलादी पट्टी वाकवून केलेली ताणपट्टी. विद्या मात्र पलटणीतली. तिथं बंदुका दुरुस्त करणारा एक उस्ताद होता, कुलपांच्या गावचा, अलीगडचा. नाथाजी त्याची नक्कल अशी हुबेहूब करायचा, की न पाहिलेला माणूसही कडेगावात ओळखीचा झाला होता. मान तिरकी, एक डोळा बारीक, आवाज नाकातून. "अरे नाथा, ताले से कुश्ती मत लड़. उससे पूछ." मग आपल्या भाषेत उलगडून सांगायचा. कुलपाच्या पोटात पिना असतात, प्रत्येकीवर स्प्रिंग. खरी किल्ली प्रत्येक पीन तिच्या तिच्या उंचीला नेते, मगच पोट फिरतं. आपण ताणपट्टीनं हलका पीळ द्यायचा, आकड्यानं चाचपायचं. जी पीन अडते तिला उचलायची. 'टिक' झालं की पुढची. "जोर केला की कुलूप रुसतंय," हे त्याचं शेवटचं वाक्य.

असा हा माणूस, पण त्याच्या घरातलं एक कुलूप मात्र बंदच होतं. मनुबाईच्या ट्रंकेचं.

ट्रंक फौजेची, काळ्या पत्र्याची, वर पांढऱ्या अक्षरात नाथाजीचं नाव आणि नंबर. कुलूप पितळी. पहिल्या सुट्टीला येताना मिरजेला गाडी बदलायची होती, तेव्हा स्टेशनाबाहेर घेतलेलं. लग्नानंतर बायकोच्या हातात त्यानं स्वतः ठेवलेली ती पहिली वस्तू. लोक साड्या आणतात, यानं कुलूप आणलं, म्हणून भावकीनं वर्षभर चेष्टा केली. मनुबाई मात्र त्याची किल्ली कमरेच्या पिशवीत ठेवून मिरवायची. ती गेली तेव्हा रडारडीत पिशवी कुणी उघडून पाहिली नाही. दहाव्याला तिच्या लुगड्यांबरोबर तीही कृष्णेत गेली. तेव्हापासून ट्रंक बंद. उघडा की, म्हटलं की नाथाजी म्हणायचा, उघडीन कवातरी. साऱ्या गावाची उघडणारा घरच्या कुलपाजवळ बसायचासुद्धा नाही.

तो 'कवातरी' नातीच्या बारशाला उजाडला.

सुनेला, अंकिताला, त्या ट्रंकेतली कुंची हवी होती. ती नवी नवरी होती त्या साली मनुबाईनं खणाची कुंची शिवलेली तिनं डोळ्यांनी पाहिली होती. माझ्या नातवंडाच्या डोक्यावर हीच घाला, मी असंन न्हाईतर नसंन, असं म्हणत सासूनं ती घडी करून ट्रंकेत ठेवली होती. अंकितानं बाजारातली कुंची आणूच दिली नाही. मुलगा साईराज कराडला कारखान्यात कामाला. त्यानं शेजारून कटर आणला आणि बापाला दिसू नये म्हणून टॉवेलखाली झाकून ओट्यावर ठेवला. टॉवेलातून वायर बाहेर लोंबत होती.

"आबा, पंगत उठली की पाळणा," साईराज म्हणाला. "तवर उघडलं तर लय चांगलं. न्हाई उघडलं तर मग मी बघतो."

"कटर चालवशील ह्याच्यावर?"

"आबा, आईची कुंची पायजे का आईचं कुलूप?"

नाथाजीला दोन्ही हवं होतं.

ट्रंक उचलून अंगणात उन्हाला आणली. नाथाजी पाटावर मांडी घालून बसला. आत पुरण शिजत होतं, बाळ रडत होतं, मांडवातले पाहुणे येता-जाता सल्ले देत होते. एक म्हणाला, हातोडीनं एक ठेवून द्या. दुसरा म्हणाला, फौजी हाय, गोळी घाला. नाथाजीनं ताणपट्टी अडकवली, आकडा आत सारला आणि त्याला पहिल्यांदाच विचित्र वाटलं. पिना हलत होत्या, पण चिखलातनं पाय उचलावा तशा. गंज असेल, असं वाटलं. पीळ जरा वाढवला. पोट केसभर फिरलं आणि ठप्प झालं. मग त्याचा दुसरा अंदाज, आत फसवी पीन असणार. काही कुलपांत कमरेला बारीक अशी पीन असते, ती जागेवर बसल्याचं सोंग करते. तसं असलं तर पीळ सोडायचा, पिना टिकटिक करत खाली येतात, पुन्हा पहिल्यापासून. त्यानं पीळ सोडला. कान कुलपाला लावला.

काहीच वाजलं नाही.

वर ढकललेल्या पिना वरच राहिल्या होत्या. सोंग करणारी पीन पीळ सुटल्यावर खाली येते. ही तर चिकटलेली. नाथाजीनं आकडा बाहेर काढला. टोकाला पिवळसर-तांबडं काहीतरी लागलं होतं. बोटावर चोळून त्यानं वास घेतला. हळद. आणि जुनं, खवट झालेलं खोबरेल. पुन्हा आकडा घातला तर काळा पडलेला तांदळाचा दाणा बाहेर आला.

चुलीजवळची अंबूबाई, शेजारची, मनुबाईची जन्माची मैत्रीण, हात पदराला पुसत बाहेर आली. तिचं बोलणं म्हणजे मळणीचं मशीन, एकदा पट्टा चढला की दाणे उडायला लागायचे. तिनं दाणा पाहिला आणि मशीन जागीच थांबलं.

"भावजी, ह्या अक्षता हायेत," ती म्हणाली. "खंडेनवमीच्या."

मग तिनं सांगितलं. खंडेनवमीला साऱ्या गल्लीत कोयते, विळे, कुऱ्हाडी धुऊन देवापुढं मांडायचे. मनुबाईही मांडायची. पण ते झाल्यावर ती ट्रंकेपुढं वेगळी बसायची. सगळ्या म्हणायच्या, अगं कुलूप काय हत्यार हाय व्हय? ती म्हणायची, त्यांचं हत्यार त्यांच्यापशी तिकडं हाय, माझ्याकडं त्यांच्या हातचं एवढंच हाय. मग कुलपाला तेल, हळद, कुंकू, वर अक्षता. दर साली. नाथाजी पेन्शनीत आला आणि तिनं ते बंद केलं. मानूस घरात आल्यावर कुलूप कशाला पुजू, म्हणाली.

फौजेत असेपर्यंत नाथाजी एकाही खंडेनवमीला घरी नव्हता. त्याची रजा नेहमी उसाच्या तोडीला. तिकडं पलटणीतही त्या दिवशी रायफलींना हळदकुंकू लागायचं, पण पूजा आटोपली की उस्ताद नाकातून ओरडायचा, "पूजा हो गई? अब साफ करो, नहीं तो जाम हो जाएगी." मग संध्याकाळपर्यंत सगळी पलटण फडकं घेऊन कणन् कण पुसत बसायची. इथं मनुबाईला पूस म्हणणारं कोण होतं? आणि सांगितलं असतं तरी पूजेची हळद तिनं पुसली असती का?

त्याला आठवलं, शेवटी शेवटी ट्रंक उघडताना ती कुलपाला तळहातानं थापट्या मारायची, पुटपुटायची. हा म्हणायचा, दे इकडं, बघतो. ती कुलूप पदराआड धरायची. "तुमी हात लावू नका. त्याला माझ्या हाताची सवय हाय."

इलाज त्याला कळला होता. पेट्रोलनं धुतलं की सगळं सुटणार होतं. सगळंच. इतक्या सालांचं, तिनं बोटानं लावलेलं. तो आकडा हातात धरून नुसता बसून राहिला. मांडवात पंगतीची पानं मांडायला सुरुवात झाली होती. साईराज ओट्याजवळ येऊन उभा राहिला, पण टॉवेलाला त्यानं हात लावला नाही.

"साईराज," नाथाजी म्हणाला, "गाडीतलं जरा पेट्रोल काढ. आन् म्हशीच्या विंजेक्शनची रिकामी पिचकारी आन."

त्यानं डोक्याचा पांढरा टॉवेल सोडला आणि चौघडी करून कुलपाखाली धरला. पिचकारीनं किल्लीच्या भोकात पेट्रोल सोडलं, आकड्याच्या मुठीनं कुलपावर हलकं ठोकलं, पुन्हा सोडलं. आधी काळं आलं. मग तांबडं. मग पिवळं, खूप वेळ नुसतं पिवळं. एक थेंब त्यानं मातीत पडू दिला नाही.

मग त्यानं पिना दाबून पाहिल्या. सोडली की टिक. सोडली की टिक. अडणारी पीन सगळ्यात मागची निघाली. ती उचलली, मग पुढची, मग मधल्या. पोट फिरलं आणि कडी इतक्या सहज वर आली, की नाथाजीच दचकला.

झाकण साईराजनं उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. कुंची वरच होती, हिरव्या खणाची, कडेला लाल दोरा. अंकितानं ती उचलली, तोंडावर धरली आणि तशीच आत पळाली.

नाथाजीनं साबणानं हात धुतले, राख लावून धुतले, पुन्हा साबण लावला. पेट्रोलचा वास गेला. बोटं पिवळीच राहिली. आत पाळण्याभोवती बायकांची गर्दी झाली होती, तो दाराशीच थांबला. अंकिता बाळाला घेऊन बाहेर त्याच्याकडं आली, कुंचीत नुसतं नाक दिसत होतं. घ्या की आबा, म्हणाली. पिवळे हात बाळाला लागायला नकोत म्हणून त्यानं ते मागं घेतले, आणि मग न राहवून एका बोटानं कुंचीची कड सरळ केली. हिरव्या खणावर पिवळा ठसा उमटला.

तो ओशाळला. पदरानं पुसायला निघालेल्या अंकिताचा हात अंबूबाईनं धरला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "हळदच हाय."