कंडक्टरबाईंचे केस

माझ्या भाचीला घरात सगळे टकळी म्हणतात. तोंड उघडलं की मिटायचं नाव नाही. शाळेत त्यापायी अनेकदा वर्गाबाहेर उभी राहिली. बारावी झाली, मार्क बेताचेच पडले आणि हव्या त्या कॉलेजात जागा मिळाली नाही. खरं सांगायचं तर हवं ते कॉलेज कोणतं, हेही तिला ठाऊक नव्हतं. दिवसभर पलंगावर लोळायची आणि कुणाशी अवाक्षर बोलायची नाही. ती गप्प बसली तसा माझा दादा, म्हणजे तिचा बाप, घाबरला. मला म्हणाला, "हिला तुझ्याबरोबर घेऊन जा. काहीही करू दे, पण घराबाहेर पडू दे."

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. तिथे फुकट काम करणाऱ्या पोरीचं काय करायचं? म्हणून मी तिला हाडांच्या वॉर्डात नेऊन सिस्टरसमोर उभं केलं.

"काय येतं तुला?" सिस्टरनी मान वर न करता विचारलं.

"बोलता येतं."

मला वाटलं, आता दोघींनाही हाकलणार. पण सिस्टर म्हणाल्या, "मग बोलत बोलत पेशंटचे केस धू. आम्हाला इंजेक्शनं आणि ड्रेसिंगमधून सवड होत नाही."

तिच्या हातात जग, बादली आणि प्लास्टिकचा कागद आला. पहिल्या पेशंट होत्या कंडक्टरबाई. बाईंचा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर जखम चिघळली, आणि त्या अंथरुणाला खिळल्या. जवळचं असं कुणी गावात नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. लांबसडक केस, पण मागच्या बाजूला काथ्याच्या घासणीसारखा गुंता.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. टकळीनं प्लास्टिक उलटं घातलं आणि सगळं पाणी बादलीऐवजी बाईंच्या पाठीखाली. चादर ओली, गाऊन ओला, गादीसुद्धा! सिस्टरचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू आला. थोड्या वेळानं ही ओल्या चादरींचं बोचकं छातीशी धरून खाली आली. डोळ्यांतून धारा.

"आत्या, मी उद्यापासून येणार नाही."

मी चादरी मशीनमध्ये कोंबल्या. "नको येऊस. पण ते कंडक्टरबाईंना तोंडावर सांगून ये. असं पळायचं नाही."

गेली ती गेलीच. बराच वेळ झाला म्हणून मी वर जाऊन पाहिलं, तर कंडक्टरबाई हसत होत्या. हसता हसता त्यांचा खुबा दुखत होता, तरी हसत होत्या. "अगं, गळक्या बसमध्येसुद्धा कधी एवढी भिजले नव्हते मी! उद्या तो कागद सुलटा घाल म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी ही माझ्याआधी चप्पल घालून दारात उभी.

हळूहळू तिचा हात बसला. आधी स्वतःच्या मनगटावर पाणी ओतून बघायची, कानांत कापसाचे बोळे घालायची, मान एका हातावर तोलायची. पण तो गुंता काही केल्या सुटेना. सिस्टर म्हणाल्या, "कापून टाकू. त्यांनाही सोपं, आपल्यालाही."

बाईंचा हात मागे गेला आणि गुंत्यावर झाकण घातल्यासारखा राहिला. टकळीनं ते पाहिलं.

"सिस्टर, मला थोडा वेळ द्या ना."

"किती?"

"सुटेपर्यंत."

मग रोज दुपारी तेलाची बाटली आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन ती बसायची. टोकांपासून सुरुवात, एकेक बट. हिनं आपल्या मार्कांची कहाणी सांगितली, बाईंनी विसरभोळ्या प्रवाशांच्या गोष्टी. शेजारच्या खाटांवरच्या बायकाही कान देऊन ऐकायच्या, मधूनच आपलं काही घुसडायच्या.

एका दुपारी शेवटची गाठ सुटली. टकळीनं वेणी घातली आणि आरसा धरला. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. "पांढरे किती झाले गं!" एवढंच म्हणाल्या. पण संध्याकाळी व्यायाम घेणारी मुलगी आली, तेव्हा रोज तिला हाकलून लावणाऱ्या बाईंनी तिचा हात धरला. "बसव मला. एवढी वेणी घातलीय, आता झोपून काय करू?"

त्या रात्री जेवताना आमच्या पोरीनं कुणाला बोलूच दिलं नाही. शेवटी दादानं विचारलं, "हे सगळं छान. पण पुढे काय? केसच धुणार का?"

"नर्सिंग करणार, बाबा."

दादानं चमच्यातली भाजी आधी तिच्याच ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालत होती, तेव्हा मी तिला खोदून विचारलं. ती म्हणाली, "आत्या, शाळेत मी बोलले की सगळे म्हणायचे, पुरे. इथे मी निघाले की विचारतात, उद्या कधी येणार?"

कंडक्टरबाई वॉकर धरून घरी गेल्या. भाची आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्नायूंची नावं पाठ करताना तिच्या नाकी नऊ येतात, पण रडत-कुढत करते. रविवारी मात्र वर्गातल्या दोन मैत्रिणींना घेऊन केस धुवायला हजर. गेल्या आठवड्यात पुरुषांच्या वॉर्डातले एक निवृत्त सुतार हटूनच बसले. डोक्यावर औषधाला केस नाही, तरी म्हणाले, "आमचा नंबर कधी?" तिनं त्यांचंही डोकं धुतलं. अगदी शाम्पू लावून, दोनदा.