इंजिनिअरिंग सोडताना माझे डोळे गेले

बसा, चहा येतोय. तोवर माझा एक मूर्खपणा ऐकून घ्या, म्हणजे तुम्हाला स्वतःबद्दल जरा बरं वाटेल. खोटं बोलणं हे हुशार माणसाचं काम. मी नववीतून शाळा सोडलेला. तरी मी सलग सतरा दिवस खोटं बोललो, आणि त्याचा थकवा अजून अंगातून गेलेला नाही. सतरा दिवस सोयाबीनचे कट्टे वाहिले असते, तरी इतका दमलो नसतो.

मी आधी इंजिनिअरिंगमध्ये होतो. हसू नका. आमच्या लहानशा मालेगावात, यंत्रमागांच्या त्या मोठ्या मालेगावात नव्हे, बबनभाऊंचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, त्याच्या पाटीवर ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ असंच लिहिलंय. गेट, खिडकीच्या जाळ्या, ट्रॅक्टरची ट्रॉली, जे मोडेल ते. शाळा सुटली तसा मी तिथं लागलो आणि सहा वर्षं राहिलो. सकाळी शिरपूरहून बसने यायचं, संध्याकाळी बसने परत.

पण माझं मन आकड्यांत. गेटला किती फूट पाइप लागेल, त्याचं वजन किती भरेल, हे मी तोंडी सांगायचो. म्हणून संध्याकाळी टॅलीचा क्लास लावला. भाऊंना ते माहीत होतं. शीक म्हणाले. मग एक दिवस काळे सरांचा निरोप आला. काळे सर म्हणजे व्यापाऱ्यांचे हिशेब आणि टॅक्सचं काम करणारे, ऑफिस वर्कशॉपपासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी सोमवारपासून कामावर बोलावलं होतं. मला वाटलं, क्लासच्या मॅडमनी माझं नाव दिलं असणार.

आता भाऊंना सांगायचं कसं? क्लास लावणं वेगळं आणि काम सोडणं वेगळं. पेरणी तोंडावर आलेली, दुकानापुढे ट्रॉल्यांची रांग. अशा वेळी मी गेलो तर भाऊंचा उजवा हात गेला, दुकान बसलं, असा माझा अगदी प्रामाणिक समज होता.

त्या शनिवारी शिरपूर ते मालेगाव मी एकच वाक्य घोकत आलो. ‘भाऊ, मी काम सोडून राह्यलो.’ पाच शब्द. शेजारच्या बाईने दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. पोचलो तर भाऊ एका ट्रॉलीखाली आडवे. फक्त पाय बाहेर. म्हटलं, बरं झालं, तोंड बघावं लागणार नाही. मी पायांना म्हणालो, “भाऊ.”

“काय रे?” ट्रॉलीखालून आवाज आला.

आणि माझ्या तोंडून निघालं, “डोळे लय दुखून राह्यले.”

कुठून आलं ते अजून कळलेलं नाही. वेल्डिंगवाल्यांत ही कुरकुर रोजचीच असते, म्हणून तेच तोंडाशी असावं. भाऊ तसेच सरपटत बाहेर आले. माझी पापणी वर करून पाहिली, डोळा लाल आहे म्हणाले. बसच्या खिडकीतली धूळ, दुसरं काय? दोन दिवस घरी पड, म्हणाले. सोमवारी दहाच्या ठोक्याला मी काळे सरांकडे हजर.

दोन दिवस संपले. भाऊंचा फोन आला. मी म्हटलं, उतार नाही. मग चार दिवस. मग त्यांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणतो? मी म्हटलं, ऊन आणि उजेड टाळायला सांगितलंय. हे बोललो आणि दुसऱ्या दिवशी काळा चष्मा घेणं भाग पडलं. कारण मालेगाव केवढंसं? ऑफिसला जायचं तर स्टँडवरून जावं लागतं, आणि स्टँडवर भाऊंनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोराच्या डोळ्यांना जपा म्हणून.

लोकांनी जपलं हो. स्टँडवरचा चहावाला रोज हातातला कप खाली ठेवून यायचा, माझा दंड धरायचा आणि मला रस्त्याच्या पलीकडे सोडायचा. ऑफिस अलीकडे होतं. मी त्याचे आभार मानायचो, तो परत स्टोव्हपाशी जाऊन पाठ करेपर्यंत थांबायचो आणि एकटा धावत रस्ता ओलांडायचो. मग बोळात चष्मा काढायचा आणि डोळस होऊन ऑफिसात शिरायचं. संध्याकाळी बोळात पुन्हा आंधळा. रोज दोनदा हे करून बघा एकदा.

रविवारी भाऊ शिरपूरला आमच्या घरी आले. डोळ्यांत घालायचे थेंब आणि दोन किलो बटाटे घेऊन. डोळ्यांना झळ लागली की बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, हा आमच्या धंद्यातला इलाज. आई बिचारी नव्या नोकरीच्या आनंदात होती. पोरगा काम सोडताना काय बोलून आला, हे तिला कुठं माहीत? भाऊंनी विचारलं, दिवसभर घरीच असतो ना? आई म्हणाली, “कायचा घरी? रोज मालेगावले जाते, धाच्या आत.”

“दवाखान्यात,” मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत राहिली. भाऊंची मान खाली गेली. “माह्यामुळं झालं,” ते म्हणाले. “चांगला चष्मा आनून देला पाह्यजे होता तुले. आज आनू, उद्या आनू, म्हनून राह्यलं.”

त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. हवंच होतं. पण भाऊंचा तो चेहरा बघून मी त्यांनी आणलेले थेंब त्यांच्यासमोरच डोळ्यांत घालून घेतले. ते गेल्यावर आईने मला शिव्या दिल्या नाहीत. फक्त बटाट्यांची पिशवी उचलली आणि म्हणाली, “आता खाय आठ दिवस आलूचीच भाजी.”

इकडे ही बातमी फिरत फिरत काळे सरांपर्यंत पोचली. त्यांनी मला समोर बसवलं. “मंगेश, बाजारात ऐकलं की तुझी नजर जातेय. आपलं काम सगळं नजरेचं आहे. एक शून्य इकडचं तिकडे झालं की व्यापारी माझ्या दारात येऊन बसतो. खरं असेल तर आत्ताच सांग, मी दुसरा पोरगा बघतो.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरातले बारीक सण-वार खुर्चीतूनच वाचून दाखवले. सर म्हणाले, ठीक आहे, महिनाभर बघू. म्हणजे हाकेच्या अंतरात एका दारात नजर दिसली तर मी खोटारडा, आणि दुसऱ्या दारात नाही दिसली तर बेकार.

सतराव्या दिवशी सरांनी माझी पहिली पूर्ण फाइल तपासली, चांगली आहे म्हणाले आणि बाजूला ठेवली. मला जरा कुठं बरं वाटत होतं, तेवढ्यात काचेच्या दारातून बबनभाऊ येताना दिसले.

पळायला दुसरं दार नव्हतं. मी काळा चष्मा चढवला आणि कॉम्प्युटरसमोर ताठ बसलो. सर माझ्याकडे बघायला लागले. भाऊ आत येऊन थबकले.

“मंगेश?”

मी भलत्याच दिशेला, कपाटाकडे तोंड करून म्हणालो, “कोन हाय?”

सहा वर्षं ज्या माणसाचा खोकला मी रस्त्यापलीकडून ओळखायचो, त्याला मी विचारलं, कोण आहे! सरांनी शांतपणे विचारलं, “अरे, आत्ता तर अठरा टक्के टॅक्सच्या नोंदी धडाधड करत होतास ना?”

संपलं. मी चष्मा काढला. “भाऊ, माह्या डोळ्याले काई झालं नाई. काम सोडाचं होतं, सांगाची हिंमत झाली नाई. तुमचं कसं होईन वाटलं.”

भाऊ खुर्चीत बसले. पाणी मागितलं. सगळं पाणी पिऊन झाल्यावर बोलले.

“येड्या, सरायले तुहं नाव म्याच सांगतलं होतं. आज आलो कायले? पोराचे डोळे नीट होईलोक जागा राखून ठेवा, असं हात जोडाले.”

मला रडूच आलं. म्हटलं, “मंग तुमी मले आधी काहून नाई सांगतलं?”

भाऊ सरांकडे बघून ओशाळं हसले. “काय सांगाव? हे पोरगं मनाचं लय चांगलं, सर. कामावरून काढाची माही हिंमतच नाई झाली. मापं तोंडपाठ, पन यानं जोडलेलं गेट म्या दुसऱ्या दिवशी तोडून पुन्हा जोडाव. आता सतरा दिवस झाले, एक गेट एकदाच करा लागून राह्यलं. लय आराम हाय.”

काळे सरांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग बाजूला ठेवलेली माझी फाइल पुन्हा जवळ ओढली आणि पहिल्या पानापासून तपासायला सुरुवात केली.