शिवकन्येने शहाणे केलेले मशीन

नरसी नामदेव येथील प्रौढ साक्षरता वर्गात मला अक्षरे शिकविणारी शिवकन्या ही जवळच्या तांड्यावरील प्रेमदासांची मुलगी. मी मेंढ्या राखणारा, तिच्या वडिलांपेक्षा वयाने मोठा. तरी वर्गात मी तिला बाई म्हणत असे व ती मला आबा म्हणे. अशी आमची ओळख झाली.

हिंगोली जिल्हा झाला त्या सुमारास ती शहरात संगणक शिकली आणि व्यापाऱ्यांना संगणकाचे प्रोग्राम करून देणाऱ्या उत्तमरावांच्या कचेरीत नोकरीस लागली. आडत दुकानांच्या हिशेबासाठी ती प्रोग्राम लिहीत असे. त्याकरिता ती आधी दुकानात बसून तेथील रीत समजून घेई. एक शेठ हळदीची लांब हळकुंडे व गोल गट्टू यांची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, वेगवेगळी करी, दुसरा एकत्र करी. त्यामुळे प्रत्येकासाठी सर्व पुन्हा लिहावे लागे.

म्हणून तिने एक असा प्रोग्राम तयार केला, जो दुकानदाराला प्रश्न विचारी आणि उत्तरे मिळताच त्या दुकानाचा प्रोग्राम स्वतःच लिहून देई. एखाद्याची रीत त्यात बसली नाही, की ती जाऊन विचारून येई व आणखी एक प्रश्न वाढवी. हे काम तिने फार निष्ठेने केले. अखेर वाढविण्यासारखा प्रश्न उरला नाही.

उत्तमराव हसत म्हणाले, "शिवकन्या, आता हो-न्हाई दाबायला माझ्या घरचं माणूस बी पुरतं. तुझी तकलीफ वाचली बघ!"

तिची नोकरी गेली.

ती नरसीच्या थांब्यावर भेटली तेव्हा मी विचारले, "बाई, काहून घरी? सुट्टी हाय का?"

"कायमची सुट्टी, आबा. मशीनला मीच शहाणं केलं, अन् त्यानं माझीच खुर्ची घेतली."

"मंग एखादा प्रश्न मागं ठेवायचा व्हता की!"

"तुमाला शिकवताना एखादं अक्षर मागं ठेवलं व्हतं का म्या?"



पुढे ती तांड्यावर शेतीकामास लागली. एवढ्या बुद्धीस जिल्ह्यात जागा मिळाली नाही, याची मला खंत वाटते. थांब्यावर भेटली त्या दिवशी तिने मला एक काम सांगितले होते, कारण मेंढरे घेऊन मी अनेक बाजार फिरत असे. मी सेनगाव, साखरा, डोंगरकडा येथे विचारून पाहिले. जेथे संगणक होता, तेथे ते मशीन माझ्या आधी पोहोचलेले होते.

ती म्हणाली होती, "आबा, कोण्या दुकानदाराची रीत त्या प्रश्नांत बसत नसंल, तर मला सांगा."